उरलेले १५ मिलिमीटर: लोअर केलेल्या एका हॅचबॅकचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी पाच दारांची हॅचबॅक, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात) आणि मागे ट्विस्ट बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा), म्हणजे लहान गाड्यांत सर्रास दिसणारी मांडणी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २,६०० मिमी. मालकांनी ती वापरलेली घेतली तेव्हाच लोअर केलेली, म्हणजे मूळ उंचीपेक्षा खाली आणलेली होती, आणि खरं तर त्या रूपावरच ते भाळले होते. टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट, गाडी रस्त्याला चिकटून उभी. आधीच्या मालकाने काय बसवलं, कुठे बसवलं याचा एकही कागद नव्हता. "स्पोर्ट स्प्रिंग टाकल्यात" एवढंच तोंडी कळलं होतं.

वापर मात्र अगदी घरगुती. रोज कामावर जाणं-येणं, अधूनमधून लांबचा पल्ला, आणि बऱ्याचदा मागच्या सीटवर दोन मोठी माणसं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे बहुतेक निर्णय या एका गोष्टीभोवती फिरले.

तक्रारी

यादी लांबलचक होती. लहानशा खाचेवरूनही कमरेपर्यंत दणका जायचा. गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं. पुढच्या टायरची बाहेरची नक्षी जवळपास नवी दिसत होती, आतली कड मात्र तारा दिसायला येईल इतकी झिजलेली. रात्री समोरून येणारे चालक सारखे डिपर मारत. मागे दोघं बसले की मागची बाजू प्रत्येक उंचवट्यावर आदळायची. शिवाय गाडी जॅकवरून खाली उतरवताना मागून एक 'खट्' असा आवाज यायचा. ही शेवटची गोष्ट मालकांना किरकोळ वाटत होती. पुढे तीच सगळ्यात गंभीर निघाली.

मालकांचं स्वतःचं निदान तयार होतं: स्प्रिंग फार कडक आहेत आणि शॉकअप गेलेत. दोन्ही बदलून कॉइलओव्हर किट (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) टाकायचं, उंची हवी तशी फिरवायची, विषय संपला. किट मागवायच्या बेतातच ते गॅरेजमध्ये आले.

पहिला निर्णय: पार्ट आणायचे की आधी मोजायचं

मुख्य मेकॅनिकने त्यांना थांबवलं. "साहेब, किट खुशाल आणा. पण आपण काय काढतोय तेच माहीत नसेल, तर घातलेलं बरोबर आहे की नाही ते कशावरून ठरवायचं?" मालकांना हे वेळकाढूपणाचं वाटलं, पण ते तयार झाले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत फायद्याचा निर्णय हाच.

सपाट जमीन, टायरमध्ये ठरलेली हवा, गाडी रिकामी. जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मोजली तर आकडा खोटा येतो. टायर जमिनीवर आडवे अडकून राहतात आणि सस्पेन्शन पूर्ण बसत नाही. म्हणून गाडी काही मीटर पुढे-मागे ढकलून घेतली. मोजमाप हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतलं. जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवा दोन्ही आकड्यात मिसळतात.

त्याच मॉडेलच्या, काहीही बदल न केलेल्या गाडीत हे अंतर चारही बाजूंना ३८० मिमी भरलं. या गाडीत पुढे ३३५ आणि मागे ३२५. म्हणजे पुढून ४५ मिमी आणि मागून ५५ मिमी खाली.

त्यानंतरचा आकडा जास्त महत्त्वाचा. मूळ गाडी सपाट रस्त्यावर उभी असताना पुढचा शॉकअप बंप स्टॉपला (हालचाल संपत आली की थोपवणाऱ्या फोमच्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत चाकाला वर जायला ६० मिमी वाव होता. या गाडीत उरला होता १५ मिमी. शॉकअपच्या दांड्याला एक बारीक केबल टाय बांधून गाडी नेहमीच्या रस्त्यावरून फिरवून आणली. दांडा जिथपर्यंत आत जातो तिथपर्यंत टाय सरकतो आणि तिथेच राहतो. परत आल्यावर तो बंप स्टॉपमध्ये रुतलेला होता. म्हणजे गाडी स्प्रिंगवर कमी आणि बंप स्टॉपच्या फोमवर जास्त चालत होती.

स्प्रिंग खरंच कडक होत्या का?

पुढच्या स्प्रिंग काढून मोजल्या. त्यांच्यावर ना शिक्का ना कोड. पण स्प्रिंगचा कडकपणा तिच्या मापांवरून काढता येतो: तारेच्या जाडीचा चौथा घात गुणिले पोलादाचा शिअर मोड्युलस (पिळाला पोलाद किती विरोध करतं त्याचं माप), आणि त्याला भागायचं वेटोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या आणि ८ यांच्या गुणाकाराने. तार १२.५ मिमी, सरासरी व्यास १३० मिमी, वेढे ४. मोड्युलस ७९ हजार न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर उत्तर साधारण २७ न्यूटन प्रति मिमी येतं. कंपनीची मूळ स्प्रिंग २४ ची. फरक सातवा-आठवा हिस्सा. एवढ्याने कोणाची कंबर दुखत नाही.

मग दणका कुठून येत होता? स्प्रिंग दबताना किती ऊर्जा पोटात घेते हे तिच्या कडकपणाच्या सरळ प्रमाणात वाढतं, पण दाबल्या गेलेल्या अंतराच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. मूळ गाडीत २४ ची स्प्रिंग ६० मिमी दबेपर्यंत ४३ ज्यूल शोषत होती. या गाडीत २७ ची स्प्रिंग १५ मिमी दबेपर्यंत जेमतेम ३ ज्यूल. उरलेला सगळा धक्का बंप स्टॉपवर आणि तिथून थेट बॉडीवर. शॉकअपही काही हिस्सा खातो हे खरं, पण त्यालाही काम करायला अंतर लागतंच. चौथाई अंतरात तेवढीच ऊर्जा शोषायची असेल तर स्प्रिंग १६ पट कडक हवी, आणि अशी गाडी कोणी चालवू शकणार नाही.

थोडक्यात, स्प्रिंग कडक म्हणून गाडी आदळत नव्हती. स्प्रिंगला वावच नव्हता म्हणून आदळत होती. मालकांचा या हिशेबावर पटकन विश्वास बसला नाही. त्यांचा बंप स्टॉपबद्दलचा समजही बहुतेकांसारखाच होता, की तो म्हणजे शेवटचा आडदांड रबर. आजच्या गाड्यांत तो बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा असतो आणि हळूहळू कडक होत जाणारी दुसरी स्प्रिंग म्हणून मुद्दाम आराखड्यात धरलेला असतो. तो लागणं वाईट नाही. सतत त्याच्यावर बसून राहणं वाईट.

मागची बाजू उघडली आणि चित्र बदललं

मागच्या 'स्पोर्ट स्प्रिंग' प्रत्यक्षात कंपनीच्याच होत्या, एकेक वेढा कापून टाकलेल्या. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नव्हतं; ते एकाच बिंदूवर टेकून तिथला रंग उडाला होता आणि गंज धरला होता. कापलेल्या भागाजवळ निळसर छटा होती, म्हणजे कापताना पोलाद तापलेलं होतं आणि तिथला टेम्पर (उष्णतेच्या प्रक्रियेने दिलेला चिवटपणा) गेल्याची शक्यता होती. चाक हवेत लोंबकळलं की स्प्रिंग बैठकीतून सुटून चक्क हाताने फिरत होती. जॅकवरून उतरवतानाचा तो 'खट्' म्हणजे स्प्रिंग वेडीवाकडी परत बसल्याचा आवाज.

वेगात उंचवट्यावरून मागचं चाक हलकं झालं आणि स्प्रिंग बैठकीबाहेर जाऊन बसली, तर गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही. गाडी त्या दिवसापासून रस्त्यावरून काढायची, हे मेकॅनिकने विनंती म्हणून नाही तर अट म्हणून सांगितलं. मालकांना ते जड गेलं, पण स्प्रिंग हातात धरून पाहिल्यावर वाद राहिला नाही.

बाकीची मोजमापं

टायर खाण्याचं खापर सहसा कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्यावर, फुटतं. इथे पुढचा कॅम्बर उणे ०.५ अंशावरून उणे १.६ झाला होता. तेवढ्याने आतली कड थोडी जास्त झिजते, तारा दिसत नाहीत. खरा गुन्हेगार टो होता, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली आहेत तो कोन. उंची बदलली की टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात) यांचे कोन वेगवेगळ्या गतीने बदलतात आणि चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळतात. इथे एकूण ०.५ अंश टो-आउट भरला, म्हणजे प्रत्येक चाक पाव अंश बाहेर वळलेलं. पाव अंश ऐकायला काहीच नाही. पण त्या कोनात गाडी १ किमी सरळ गेली तर प्रत्येक टायर ४ मीटरहून जास्त आडवा घासला जातो. कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर, आणि टोमुळे तिथेच घासणं. दोन्ही एकत्र आल्यावर टायरचं दुसरं काय होणार?

लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं होतं. मॅकफर्सन मांडणीत असं झालं की रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो, दोघांमधलं अंतर वाढतं आणि वळणावर बॉडीला कलवणारा जोर वाढतो. गाडी खाली केली म्हणजे वळणावर कमी कलणार, हा हिशेब म्हणून प्रत्येक वेळी जमत नाही. अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली ही मांडणी स्वस्त, आटोपशीर आणि उत्तम आहे. पण तिची भूमिती एका ठराविक उंचीच्या आसपासच नीट वागते.

डिपरचं कोडंही इथेच सुटलं. मागची बाजू पुढच्यापेक्षा १० मिमी जास्त खाली, म्हणजे २,६०० मिमीच्या व्हीलबेसवर गाडीचं नाक ०.३८ टक्के वर. हेडलाइटचा लो बीम साधारण १ टक्का खाली झुकलेला असावा लागतो. इथे तो ०.६ टक्क्यांवर आला होता. ६५ मीटरवर जमिनीला टेकायला हवा तो झोत जवळपास १०० मीटरपर्यंत पोहोचत होता, आणि मागे माणसं बसली की आणखी लांब. लोक उगाच डिपर मारत नव्हते.

लोअर आर्मच्या मागच्या बुशला भेग होती. हे बुश रबर आणि धातू एकमेकांना पक्के चिकटवलेले असतात. रबर घसरत नाही, पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यापासून रबर कायम पिळलेलंच राहतं. बहुधा तसंच झालं असावं.

पर्याय

चार पर्याय कागदावर आले. एक मोजक्या शब्दांत निकालात निघतो: बंप स्टॉप कापून अर्धे करायचे आणि वाव मिळवायचा. हा सल्ला मालकांना ओळखीतल्या कोणीतरी दिला होता. बंप स्टॉप कापला की वाव मिळतो तो पुढे धातूवर धातू आपटण्यासाठी. शॉकअपचा तळाचा व्हॉल्व्ह फुटतो किंवा टायर मडगार्डच्या आतल्या लायनरवर (अस्तरावर) जाऊन आदळतो. काही लोअरिंग स्प्रिंगसोबत ठराविक लांबीने स्टॉप छाटायची सूचना असते, ती वेगळी गोष्ट. तिथे बनवणाऱ्याने हिशेब केलेला असतो.

दुसरा, सगळं मूळ कंपनीचं परत घालणं. कमी खर्च, कमी डोकेदुखी, सर्वांत आरामदायक गाडी. मालकांना ते नको होतं आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं. गाडी त्यांना आवडली ती उंचीमुळे. याला अव्यवहारीपणा म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण गाडी त्यांची आणि पैसेही त्यांचे.

तिसरा, २० ते २५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे आखूड शॉकअप, एकाच बनावटीचा संच. उंची फिरवता येत नाही, त्यामुळे बिघडवताही येत नाही. मेकॅनिकचा कौल याला होता आणि माझाही असता.

चौथा, कॉइलओव्हर. पुढे स्ट्रटची एकूण लांबी खालच्या ब्रॅकेटमध्ये फिरवून बदलता येते आणि स्प्रिंगची बैठक वेगळी फिरते. मागे स्प्रिंग शॉकअपपासून सुटी, तिच्याखाली आटे असलेला अ‍ॅडजस्टर. शॉकअपवर एक नॉब. मालकांनी हाच निवडला. त्यांचं म्हणणं होतं की नेमकी कुठली उंची झेपेल ते आज माहीत नाही, म्हणून बदलता येणारं काहीतरी हवं. तर्कात चूक नव्हती. फक्त बदलता येणाऱ्या वस्तूबरोबर ती सतत बदलत बसण्याचा मोहही येतो, आणि तो इथे आलाच.

काय केलं

किट बसवताना उंचीचं लक्ष्य आधी ठरलं: पुढे मूळपेक्षा २५ मिमी खाली. या उंचीला लोअर आर्म जवळपास आडवे राहतात, त्यामुळे रोल सेंटर सुधारणारे खास बॉल जॉइंट घालायचा विषयच आला नाही. भेगाळलेले बुश बदलले आणि त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क रेंचने आवळले. अँटी-रोल बारच्या (वळणावर बॉडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक नव्या उंचीनुसार आखूड घातल्या.

मागची उंची कशी ठरवायची यावर बराच वेळ गेला. रिकाम्या गाडीत पुढच्याशी रेषेत दिसेल अशी ठेवायची, की भरलेल्या गाडीत बरोबर राहील अशी? किटच्या मागच्या स्प्रिंग ५० न्यूटन प्रति मिमीच्या. पण ट्विस्ट बीमवर स्प्रिंग चाकाच्या पुढे, बिजागरीच्या जवळ बसते. इथे स्प्रिंगची हालचाल चाकाच्या हालचालीच्या ०.८ पट होती आणि या प्रमाणाचा वर्ग घ्यावा लागतो, म्हणून चाकापाशी कडकपणा ३२ उरतो. मागच्या एक्सलवर १५० किलो जादा आले तर गाडी २३ मिमी बसेल. मूळ गाडीत चाकापाशी २० न्यूटन प्रति मिमी होते, ती तेवढ्याच वजनाला ३७ मिमी बसायची. मागे २० मिमी खाली ठेवायचं ठरलं. मग भरलेल्या अवस्थेत ही गाडी आणि मूळ गाडी यांच्यातला फरक फक्त ६ मिमी राहतो. रिकामी असताना मागून किंचित उंच दिसते ही मालकांची तक्रार होती. ती मान्य करून बाजूला ठेवली.

शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि हेडलाइटचा झोत. हाच क्रम पाळावा लागतो, कारण उंची हलली की दोन्ही हलतात. ज्या गाड्यांत लेन किंवा ब्रेकिंगसाठी कॅमेरा-रडार असतात त्यांत त्यांचं कॅलिब्रेशनही करावं लागतं. या गाडीत ते नव्हते. बदलाची माहिती मालकांनी विमा कंपनीला लेखी कळवली.

मधला गोंधळ

गाडी घरी गेली आणि मालकांनी पाना हातात घेतला. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की बैठक वर फिरवून स्प्रिंग आधीच दाबली, म्हणजे प्रीलोड दिला, की सस्पेन्शन कडक होतं आणि गाडी आदळत नाही. त्यांनी पुढे ३० मिमी प्रीलोड दिला. गाडी उंच झाली. मग उंची परत आणायला त्यांनी स्ट्रटची लांबी ३० मिमीने कमी केली. दोन नवे आवाज सुरू झाले: उंचवट्यावरून उतरताना पुढून 'टक्', आणि खोल खड्ड्यात टायर लायनरला घासल्याचा आवाज.

दोन्हींचं कारण एकच, आणि ते आकड्यांत पाहिलं की लख्ख दिसतं. पुढच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगने तोललेलं वजन साधारण ३४० किलो. किटची स्प्रिंग ५० ची, म्हणजे ती त्या वजनाखाली ६७ मिमी दबते. बंप स्टॉप लागेपर्यंत दांड्याची एकूण हालचाल १२० मिमी. प्रीलोड नसताना खाली जायला ६७ आणि वर जायला ५३ मिमी वाव. ३० मिमी प्रीलोड दिल्यावर वाटणी बदलली: खाली ३७, वर ८३. एकूण वाव वाढला नाही आणि स्प्रिंग कडकही झाली नाही, कारण सारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगला पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला तितकाच जोर लागतो. चाकाला खाली यायला जागा कमी पडल्याने दांडा वरच्या टोकाला थडकत होता, तो 'टक्'. आणि स्ट्रट आखूड केल्याने बंप स्टॉप लागायच्या आधीच टायर लायनरपर्यंत पोहोचत होता.

प्रीलोड ही निरुपयोगी गोष्ट नाही, हे इथे सांगायलाच हवं. वर आणि खाली यांच्यातली वाटणी ठरवण्याचं ते साधन आहे. कडकपणा ठरवण्याचं नाही.

त्याच काळात मालकांनी शॉकअपचे नॉबही पूर्ण कडक केले होते. या किटमध्ये नॉबचा परिणाम मुख्यतः रिबाउंडवर होतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडण्याच्या वेगावर. रिबाउंड फार कडक असला की एकामागून एक खाचा आल्यावर स्प्रिंगला पूर्ण उघडायला वेळच मिळत नाही. प्रत्येक खाचेला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी पुन्हा बंप स्टॉपवर येते. बसणाऱ्याला ते कडक स्प्रिंगसारखंच वाटतं. मालकांचा निष्कर्ष अर्थातच "स्प्रिंग बेकार आहेत" असा होता.

एक लहानसा प्रकार आणखी घडला. मागे डाव्या-उजव्या बाजूंत ५ मिमीचा फरक दिसला म्हणून त्यांनी फक्त उजवी बाजू वर घेतली. एक कोपरा वर घेतला की तो आणि त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा जास्त वजन उचलतात, बाकीचे दोन हलके होतात. डगमगत्या टेबलाच्या पायाखाली चुकीच्या जागी पुठ्ठा सरकवल्यासारखं. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू लागली. दोन्ही बाजूंचे आटे सारखे केले आणि ५ मिमीचा फरक तसाच सोडून दिला.

दुसरा महत्त्वाचा निर्णय: पुढच्या स्प्रिंग बदलणं

प्रीलोड आणि नॉब ताळ्यावर आणल्यावरही एक दोष राहिला. मध्यम वेगाला लांबट उंचवट्यांवर गाडी झोपाळ्याच्या चालीने पुढे-मागे डुलायची. इथे नॉब आणखी फिरवत राहायचं की किटमधलीच स्प्रिंग चुकीची मानायची, असा प्रश्न होता.

पुढे ५० न्यूटन प्रति मिमी आणि ३४० किलो असेल तर बॉडीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा वर-खाली हलते तो आकडा, १.९३ हर्ट्झ येते. मागे ३२ आणि २३० किलो, म्हणजे १.८८. मूळ गाडीत पुढे १.३४ आणि मागे १.४८ होती. कंपनीने मागचा आकडा पुढच्यापेक्षा जास्त ठेवला होता, आणि ते उगाच नव्हतं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. मागची बाजू थोडी जलद हलत असेल तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि डुलणं लवकर विरतं. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना मॉरिस ऑली यांनी मांडलेला हा विचार आजही आरामदायी गाड्यांच्या आराखड्यात दिसतो. किटमध्ये हे नातं उलटं झालं होतं.

पुढे ४० च्या स्प्रिंग घातल्या. वारंवारता १.७३ वर आली, मागच्यापेक्षा खाली. या स्प्रिंग वजनाखाली ८३ मिमी दबतात. १० मिमी प्रीलोड दिल्यावर खाली ७३ आणि वर ४७ मिमी वाव राहिला. आता ऊर्जेचा तोच हिशेब पुन्हा: ४० ची स्प्रिंग ४७ मिमी दबेपर्यंत ४४ ज्यूल शोषते. मूळ गाडीचे ४३ होते. २५ मिमी खाली असलेली गाडी बंप स्टॉपला लागेपर्यंत कंपनीच्या गाडीइतकाच धक्का पचवते, अधिक कडक स्प्रिंगच्या मोबदल्यात. लोअर केलेली गाडी सुसह्य करण्याचा सौदा साधारण असाच असतो.

नॉब नव्या स्प्रिंगनुसार पुन्हा लावले, पण या वेळी ठरलेल्या एकाच रस्त्यावर, ठरलेल्या वेगाला, एका वेळी एकच बाजू बदलून, आणि प्रत्येक बदल वहीत लिहून. पूर्ण सैलपासून सुरुवात करून बॉडीचं तरंगणं थांबेपर्यंत कडक केले आणि तिथेच थांबले. मधल्या खुणेपेक्षा बरेच सैल राहिले.

निष्पत्ती

केबल टाय आता नेहमीच्या रस्त्यावर बंप स्टॉपच्या अलीकडे थांबतो. खोल खड्ड्यात स्टॉपला लागतो, तसा तो लागायलाच हवा. नव्या पुढच्या टायरची झीज आत आणि बाहेर जवळपास सारखी आहे. डिपर बंद झाले. मागे बसणाऱ्यांची तक्रार संपलेली नाही. गाडी मूळपेक्षा कडक आहे आणि लहान खाचा जाणवतात, फक्त त्या आता दणका म्हणून येत नाहीत.

गतिरोधकाचं गणित सुटलं असं म्हणता येणार नाही, थोडं सैल झालं. मूळ गाडीचं पोट जमिनीपासून १६५ मिमी होतं आणि दोन्ही चाकांच्या मधून पार होणाऱ्या उंचवट्याचा कोन साधारण १४.५ अंश. ही गाडी पुढून ४५ मिमी खाली असताना तो १०.५ होता, आता १२.३ आहे. उंच गतिरोधक आणि पार्किंगचे तीव्र उतार मालक अजूनही तिरके घेतात, आणि गाडी भरलेली असेल तर काही रस्ते टाळतात.

देखभालीत एक कायमचं काम वाढलं. आटे उघड्यावर असल्याने त्यांत चिखल आणि गंज बसतो, आणि अडकलेला अ‍ॅडजस्टर फिरवायला गेलं की आटे मोडतात. ते घासून साफ करून संरक्षक ग्रीस लावावं लागतं आणि लॉक रिंग आवळलेल्या आहेत ना ते पाहावं लागतं. नव्या स्प्रिंग सुरुवातीला थोड्या बसतात, म्हणून काही आठवड्यांनी उंची पुन्हा मोजून अलाइनमेंट परत केली. ती सुटली असती तर टो पुन्हा बिघडला असता.

वेगळं काय करता आलं असतं

वापरलेली लोअर केलेली गाडी घेताना एकच चाचणी पुरेशी होती: मागची बाजू जॅकवर उचलून स्प्रिंग हाताने हलवून पाहणं. ती हलली असती तर एक तर सौदा मोडला असता किंवा किंमत उतरली असती.

स्प्रिंग न लावता नुसता स्ट्रट आणि बंप स्टॉप जोडून, चाक जॅकने पूर्ण वर नेऊन, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे लागतो ते पाहण्याची पद्धत आहे. ती इथे टायर घासल्यानंतर वापरली गेली. किट बसवतानाच वापरली असती तर स्ट्रट कितीपेक्षा आखूड करायचा नाही याची खूण रंगाने आधीच करून देता आली असती, आणि मालकांनी पाना हातात घेतल्यावरही नुकसान मर्यादित राहिलं असतं. गाडी ताब्यात देताना "काही फिरवू नका" एवढंच सांगितलं गेलं. बदलता येणारी वस्तू मुद्दाम विकत घेतलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग? कुठला अ‍ॅडजस्टर काय करतो आणि कुठे थांबायचं, याचा एक कागद जास्त कामी आला असता.

किटमधल्या स्प्रिंगचे आकडे बॉक्सवर छापलेले होते आणि गाडीचं चाकागणिक वजन मोजता येण्यासारखं होतं. वारंवारतेचा हिशेब किट मागवण्याआधी करता आला असता, तर ५० ऐवजी ४० च्या स्प्रिंग पहिल्यापासून मागवल्या गेल्या असत्या.

तिसऱ्या पर्यायाचं काय झालं असतं? या वापरासाठी तो अजूनही मला जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण शेवटची उंची त्याच २० ते २५ मिमीच्या पट्ट्यात येऊन थांबली आणि त्यानंतर अ‍ॅडजस्टर कोणी हलवलेला नाही. मालक मात्र याच्याशी सहमत नाहीत. मागची बाजू आणखी ५ मिमी खाली घेऊन पाहायची इच्छा त्यांनी अलीकडेच बोलून दाखवली. मेकॅनिकने त्यांना मागच्या सीटवर दोघांना बसवून आधी उंची मोजून आणायला सांगितलं आहे.